तूट लिहायची कुठे?

"मॅडम, याला अकराच्या अकरा मूलभूत कर्तव्यं पाठ आहेत. संविधान दिनाला माइकवर उद्देशिका यानेच म्हटली होती. आणि यानेच शाळेच्या पेटीतले पैसे घ्यावेत? आमचं कुठं चुकलं, सांगा."

नववीतल्या मुलाची आई बोलत होती. मुलगा शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बुटाच्या टोकाने फरशी घासत होता. त्याला आपण ओंकार म्हणू. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. आईचा प्रश्न बदलायची गरज नाही, कारण तो वर्षातून दहा-बारा वेळा तरी माझ्यासमोर येतो. एवढे संस्कार केले, शाळाही चांगली, तरी पोर असं कसं वागलं?

शाळा तालुक्याच्या गावातली, अनुदानित. मी तिथे समुपदेशक म्हणून आठवड्यातून दोन दिवस जाते. मूल्यशिक्षणाबद्दल शाळा खरोखर जागरूक आहे. परिपाठात प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, पसायदान यातलं काही चुकत नाही. जुलैत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते, बोटाला शाईसुद्धा लावतात. आणि जिन्याखाली एक दुकान आहे, दुकानदार नसलेलं. कपाटात वह्या, पेनं, आलेखाचे कागद. दारावर दरपत्रक, शेजारी वही आणि पैशांची पेटी. वस्तू घ्यायची, वहीत लिहायची, पैसे टाकायचे. ओंकार निवडून आलेला अर्थमंत्री. दर शनिवारी पेटी उघडून हिशोब जुळवणं हे त्याचं काम.

सोमवारी परिपाठात मुख्याध्यापिका बाई जाहीर करायच्या, "याही आठवड्यात एका रुपयाची तूट नाही!" मग टाळ्या. पालकसभेतही हे कौतुकाने सांगितलं जायचं.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका शिक्षकांनी कपाटातला माल मोजला. 11 वह्या आणि 23 पेनं कमी, म्हणजे 445 रुपयांचा माल गायब. हिशोबाच्या वहीत जागोजागी व्हाइटनर आणि त्यावर ओंकारचं अक्षर. विचारलं तर मुलगा गप्प. निष्कर्ष निघायला वेळ लागला नाही.

पहिल्या भेटीत मीही चुकले. आईला बाहेर बसवलं तेवढं बरोबर केलं, पण मग विचारलं, "पैसे कशाला लागले होते?" मोबाइलवरचा गेम, मित्राचा वाढदिवस, अशी उत्तरं माझ्याच डोक्यात तयार होती. त्याने चाळीस मिनिटं तोंड उघडलं नाही. त्याच्या जागी मीही उघडलं नसतं.

दुसऱ्या भेटीला मी हिशोबाची वहीच मागवून घेतली. म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही. तू अर्थमंत्री आहेस, समजावून सांग." तो दोन मिनिटं वहीकडे बघत राहिला आणि मग खरंच शिकवायला लागला. पहिल्या शनिवारी वहीप्रमाणे पेटीत जेवढे हवेत त्यापेक्षा 38 रुपये कमी निघाले. मुलांनी वस्तू लिहिल्या होत्या, पैसे टाकले नव्हते. त्याने राखीला मिळालेल्या पैशांतून 38 भरले. दुसऱ्या शनिवारी 52 कमी, तेही भरले. तिसऱ्या आठवड्यात खिशात काही उरलं नाही, म्हणून त्याने वहीतल्या नोंदीच खोडल्या. वही आणि पेटी जुळली. पुढे तेच चालू राहिलं.

"बाईंना का नाही सांगितलंस?"

"सोमवारी टाळ्या वाजतात ना."

म्हणजे पेटीतला एक रुपयाही त्याने घेतलेला नव्हता, उलट 90 रुपये पदरचे घातले होते. पण खोटं लिहिलं होतं, हेही तितकंच खरं.

त्याच्या वडिलांना मी मुद्दाम बोलावलं. ते एका पतसंस्थेत रोखपाल आहेत. विचारलं, "तुमची रोकड कमी पडली तर काय करता?"

"भरतो की खिशातून. मागं पाचशे भरले होते. घरी बोललो पण होतो, याच्यासमोरच."

"कुणाला न सांगता भरता?"

"छे! आधी मॅनेजरना सांगायचं, रजिस्टरला नोंद करायची, मग भरायचे. नोंद न करता भरले तर उलट माझीच चौकशी लागेल." एवढं बोलून ते थांबले. जरा वेळाने म्हणाले, "भरल्याचं याला ऐकवलं. नोंदीचं कधी बोललोच नाही."

आईला हे फारसं पटलं नव्हतं. "म्हणजे याची चूक नाहीच का?" आहे, मी म्हटलं, व्हाइटनर त्यानेच लावला. पण तुम्ही विचारता तो प्रश्न असा आहे की संस्कार म्हणजे जणू डब्यात भरलेलं पीठ, कमी पडलं की आणखी घालायचं. 1920च्या दशकात अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या दोन अभ्यासकांनी जवळपास 11,000 मुलांना परीक्षा, खेळ, पैसे अशा वेगवेगळ्या प्रसंगांत लबाडी करायची संधी देऊन पाहिलं. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवेलच असं नव्हतं, आणि बरं-वाईट कशाला म्हणतात हे नीट सांगता येणारी मुलंही प्रसंगी लबाडी करत होती. पुढच्या संशोधकांनी यात थोडी दुरुस्ती सुचवली, पण माझ्या खोलीत मला अजून तरी असंच दिसतं. पाठांतराने शब्द मिळतात. तूट निघाली की ती कुणाला, कशी सांगायची, हे त्या शब्दांत नसतं. (जाता जाता: अकरावं कर्तव्य 2002 साली घातलं गेलं आणि ते पालकांचं आहे, 6 ते 14 वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचं. ओंकार तेही घडाघडा म्हणतो. आईला ते आपलं आहे हे ठाऊक नव्हतं.)

अवघड काम बाईंशी बोलायचं होतं. त्यांना परिपाठात सगळ्यांसमोर माफी हवी होती, नाहीतर दुकान बंद. मी म्हटलं, माफी जरूर मागेल, पण मंत्रिमंडळासमोर, ज्यांच्यासाठी तो हिशोब ठेवत होता त्यांच्यासमोर. आणि दर सोमवारच्या त्या जाहीर आकड्याने तूट सांगायला जागाच ठेवली नव्हती, हेही सांगितलं. त्यांना ते लागलं. मलाही ते सांगताना बरं वाटलं नाही, कारण दुकानाची कल्पना त्यांची होती आणि ती त्यांनी मनापासून राबवली होती. दोन दिवस त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "घ्या बैठक."

बैठकीत ओंकारने सगळं सांगितलं, व्हाइटनरसकट. काही मुलांना त्याचं मंत्रिपद काढून घ्यायचं होतं. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "मग ज्यांनी पैसे टाकले नाहीत, त्यांनापण शोधा." शोधायला गेल्यावर निम्म्या वर्गाने हात वर केले. सुटे नव्हते. घरी सगळं फोनवरून देतात, मुलांच्या हाती पाचाचं नाणं येणार कुठून? उद्या टाकू म्हणून राहून गेलं. काहींनी खरंच बुडवले असतील, ते अर्थातच बोलले नाहीत.

पुढची युक्ती राज्यशास्त्र शिकवणाऱ्या सरांची, माझी नव्हे. सरकारी खर्चाचे हिशोब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद 1967 पासून प्रथेने विरोधी पक्षाच्या सदस्याकडे असतं. त्यांनी मुलांना म्हटलं, आपणही लेखा समिती करू, आणि अध्यक्ष कोण? अर्थमंत्रिपदाच्या निवडणुकीत ओंकारकडून हरलेली मुलगी. तिने पहिल्याच शनिवारी पेटी तीनदा मोजली. वहीत 'सुटे नाहीत' असा नवा रकाना आला. जिन्याखाली एक फळा लागला, त्यावर दर आठवड्याची विक्री आणि तूट. ओंकारचं पद राहिलं, पण सही दोघांची. त्याचे 90 रुपये परत द्यायचे की नाही यावर मात्र दोन बैठका वाद झाला. समितीने शेवटी नाही म्हटलं, कारण नोंद नव्हती. मला ते जरा कडक वाटलं. त्याच्या वडिलांना अगदी बरोबर वाटलं.

पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं गेलं, तूट 31 रुपये. त्या सोमवारी बाईंनी तो आकडा परिपाठात वाचला तेव्हा टाळी वाजवायची की नाही, हे कुणालाच कळेना. पुढे आकडा कमी होत गेला. शून्यावर तो एकदाच आला, आणि तेव्हा लेखा समितीने पुन्हा माल मोजायला लावला.

फेब्रुवारीत आईचा फोन आला. घरी आता पोरगा किराण्याच्या पिशवीचा हिशोब मागतो, म्हणून हसत होत्या. मग आवाज खाली आला. "पण मॅडम, हिंदीच्या पेपरात याला बेरीज चुकून दोन गुण जास्त पडलेत. याला माहीत आहे. सरांना सांगितलेलं नाही अजून."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

"त्यालाच विचारा की, याची नोंद कुठे करायची म्हणून."

पलीकडे जरा शांतता होती. मग लांबून त्याचा आवाज आला, "आई, कुणाशी बोलतेयस?"