वाचक विचारतात: थोडे सर्व्हर ऑफिसात, थोडे क्लाउडवर, आणि काम करतंय ऑटोमेशन

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, हायब्रिड क्लाउड आणि त्यातलं ऑटोमेशन. म्हणजे काही सर्व्हर आपल्याच जागेत, काही भाड्यानं, अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरवर, आणि दोन्हीकडचं काम आता कोडनं चालवायचं. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीय कारण तीच काळजी बाकीच्यांच्या पत्रांतही दिसली.

प्रश्न: नमस्कार सर, मी एका कारखान्यात बरीच वर्षं सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. प्लांटमध्ये व्हीएमवेअरवरचे (एका मशीनवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर आहेत आणि काही गोष्टी एडब्ल्यूएस मुंबईत. पॅचिंग (सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त्या टाकणं), बॅकअप, नवीन व्हीएम म्हणजे आभासी सर्व्हर बनवणं, सगळं मी हातानं करत आलो. आता सर्व्हर कोडनं उभे करणारं टेराफॉर्म आणि त्यांवरची कामं कोडनं करणारं अ‍ॅन्सिबल आणलंय, दोन नवीन मुलं घेतलीत ती दिवसभर कोड लिहितात, सर्व्हर रूममध्ये पायही ठेवत नाहीत. माझी गरज संपली असं समजू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: हातानं करायचं काम बरंचसं जाणार, आणि खरं सांगायचं तर ते जायलाच हवं. शनिवारी रात्र जागून एकेका सर्व्हरवर लॉगिन करायचं, पॅच टाकायचा, एक्सेलमध्ये टिक करायची, आणि एवढं करून पहाटेच्या पेंगेत एखादा सर्व्हर सुटतोच. अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक (कामांची लिहून ठेवलेली यादी) तेच काम सगळीकडे एकसारखं करतं, टेराफॉर्मनं प्लांटमधलं व्हीएम आणि मुंबईतलं ईसीटू (एडब्ल्यूएसचा भाड्याचा सर्व्हर) एकाच पद्धतीनं लिहिता येतं, त्यामुळे कंपनी त्या वाटेनं जाणारच.

पण त्या प्लेबुकला तुमचा प्लांट कुठे माहितीये? पगाराचा सर्व्हर महिनाअखेरीला रीस्टार्ट करायचा नाही, लाइनवरच्या त्या जुन्या विंडोज पीसीला पॅच टाकला की मशीनशी त्याचं बोलणंच बंद होतं, डेटाबेस उठायच्या आधी अ‍ॅप्लिकेशन चालू केलं तर सकाळी शिफ्टवाले बोंबलतात, हे तुमच्या डोक्यात आहे आणि अजून कुठेच लिहिलेलं नाही. ते कोडमध्ये उतरवायचं काम तुमचं आहे. त्या मुलांना सिंटॅक्स येतो, तुम्हाला परिणाम माहीत आहेत, आणि ऑटोमेशनमध्ये परिणाम माहीत नसणं जास्त महाग पडतं.

किती महाग ते ऑस्ट्रेलियात मे २०२४ मध्ये दिसलं. युनीसुपर नावाचा तिथला मोठा पेन्शन फंड आहे, सहा लाखांहून जास्त सभासद. त्यांचं बरंच काम गुगल क्लाउडमधल्या व्हीएमवेअरवर होतं, आणि त्यातलं एक प्रायव्हेट क्लाउड एक दिवस डिलीटच झालं. गुगलनं नंतर कारण सांगितलं: सुरुवातीला सेटअप करताना त्यांच्याच एका आतल्या टूलमध्ये एक पॅरामीटर रिकामा राहिला, म्हणून टूलनं डिफॉल्ट धरलं एक वर्षाची मुदत, आणि वर्ष संपल्यावर ऑटोमेशननं ते साफ केलं. कस्टमरनं डिलीट मागितलेलं नव्हतं, म्हणून त्यांना आधी नोटीससुद्धा गेली नाही. आठवडाभर लोकांना आपलं खातं उघडता येईना. ते परत उभे राहिले कारण बॅकअप वेगळे ठेवलेले होते, काही दुसऱ्या कंपनीकडेसुद्धा. हा बॅकअप वेगळा ठेवायचा निर्णय कुणीतरी माणसानं आधी घेतलेला होता बघा.

दुसरं उदाहरण २० ऑक्टोबर २०२५ चं. एडब्ल्यूएसच्या नॉर्दर्न व्हर्जिनिया रीजनमध्ये (रीजन म्हणजे एका भागातल्या डेटा सेंटरांचा गट) डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचं डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी नोंद, सांभाळणारं ऑटोमेशन आहे, त्याच्या दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच रेकॉर्डवर काम करायला गेल्या, एकीनं जुना प्लॅन नव्यावर चढवला, दुसरीनं तो जुना आहे म्हणून पुसला, आणि रेकॉर्ड रिकामा राहिला. मग डायनॅमोडीबीचा पत्ताच कुणाला सापडेना आणि त्यावर उभ्या असलेल्या ढीगभर सेवा बसल्या. ऑटोमेशनला स्वतःला ते दुरुस्त करता आलं नाही, शेवटी इंजिनिअरांनी हातानं सोडवलं, आणि नंतर एडब्ल्यूएसनं ते ऑटोमेशन जगभर बंद करून ठेवलं.

म्हणून तुम्ही एक करा. त्या मुलांच्या शेजारी बसा आणि पॅचिंगचं प्लेबुक उघडायला सांगा. त्यात सिरियल नावाची, एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे ते सांगणारी सेटिंग आहे का बघा. ती नसेल तर अ‍ॅन्सिबल एका बॅचला थांबून, तिचं काय झालं ते पाहून पुढे जात नाही, यादीतले सगळे सर्व्हर एकाच फेरीत घेतं, म्हणजे पॅच वाईट निघाला की एकदम सगळेच आडवे. आधी १, मग १० टक्के, मग उरलेले असं लिहून घ्या, आणि किती फेल झाले की थांबायचं तेही ठरवून द्या. तो आकडा कोण सांगणार? तुम्हीच सांगणार.

प्रश्न: आमची टीम पुण्यात आहे, मी लीड आहे. कोडमध्ये एक आणि प्रत्यक्षात दुसरंच असं सारखं होतंय. रात्री काही अडलं की कुणीतरी कन्सोलमध्ये (क्लाउडच्या वेबपेजवर) जाऊन सिक्युरिटी ग्रुप (क्लाउडमधले फायरवॉलसारखे नियम) बदलतं, सकाळी टेराफॉर्म अप्लाय झालं, म्हणजे कोड लागू झाला की तो बदल गायब. आणि डेटा सेंटरमधला फायरवॉल तर कोडमध्ये नाहीच. फरक दिसला की आपोआप कोडप्रमाणे व्हावं असं सगळं ऑटो-करेक्टवर टाकावं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: ऑटो-करेक्टवर लगेच टाकू नका, कृपा करून. रात्री दोनला ज्यानं पोर्ट उघडला त्यानं काहीतरी बंद पडलं म्हणूनच उघडला असणार, तुमचं ऑटोमेशन तो पहाटे पुन्हा बंद करेल आणि ज्याचा फोन वाजेल त्याला कळणारही नाही काय झालं. आधी फक्त बघायला लावा. रोज रात्री टेराफॉर्म प्लॅन (काय बदलेल ते फक्त दाखवणारी कमांड) चालवा, अप्लाय नाही, आणि फरक दिसला तर टीमच्या चॅनेलवर मेसेज येऊ दे. कन्सोलमध्ये रोजच्यासाठी सगळ्यांना रीड-ओन्ली ठेवा, अडीनडीसाठी वेगळा अ‍ॅक्सेस, आणि तो वापरला की दुसऱ्या दिवशी बदल कोडमध्ये आला पाहिजे एवढा एकच नियम ठेवा पण तो पाळा.

प्लॅनचं आउटपुट वाचायची सवय सगळ्यांना लावा. शेवटची ओळ बघून पुढे जातात लोक, किती नवीन किती डिलीट, एवढंच. वर 'फोर्सेस रिप्लेसमेंट' असं कुठे आलंय का ते बघायचं असतं, कारण दिसायला साधा बदल असतो आणि टेराफॉर्म म्हणत असतं की मी हा डेटाबेस पाडून नवीन बांधणार आहे. डेटाबेसवर 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' ही डिलीट अडवणारी सेटिंग आजच लावा.

फायरवॉलचं म्हणाल तर घाई नको. त्याचं कॉन्फिग रोज आपोआप काढून गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) ठेवायला लागा. नुसतं एवढं केलंत तरी कधी काय बदललं ते कळायला लागतं, लिहिण्याचा अधिकार ऑटोमेशनला नंतर द्या.

प्रश्न: मी एका सहकारी बँकेच्या संचालक मंडळावर आहे. व्हेंडर म्हणतो सगळं आपोआप होईल, बॅकअपसुद्धा. पण रिझर्व्ह बँकेमुळे डेटा क्लाउडवर नेताच येत नाही ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: साहेब, हा गैरसमज बऱ्याच ठिकाणी आहे. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं ते पेमेंटचा डेटा भारतातच साठवा असं, तो तुमच्याच खोलीत ठेवा असं नाही. अ‍ॅझ्युअरचं पुण्यातलं रीजन २०१५ पासून आहे आणि एडब्ल्यूएसचं मुंबईतलं २०१६ पासून. मात्र ऑटोमेशननं कॉपी बाहेरच्या रीजनमध्ये टाकू नये ही अट पॉलिसीमध्येच बसवायला लावा, आणि काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच राहते हे मंडळातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

व्हेंडरला एवढंच विचारा की आमच्यासमोर रिस्टोर करून दाखवा. बॅकअप 'सक्सेसफुल' असा मेल रोज येतो, त्यातून डेटा परत येतो का ते केल्याशिवाय कळत नाही. लोकांच्या ठेवी आहेत, तेव्हा हा आग्रह धरायला अजिबात संकोच करू नका, आणि वर्षातून एकदा नव्हे, दर तिमाहीला करून घ्या.

प्रश्न: दादा, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आता एआयच टेराफॉर्म लिहून देतं, मग ते शिकू की नको? आणि ओपनटोफू काय आहे?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: शीक. एआयनं लिहिलेलं बरोबर आहे का ते तुलाच वाचावं लागणार आणि न शिकता ते वाचता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशीकॉर्पनं त्याचं लायसन्स बदललं, ते ओपन सोर्स राहिलं नाही, तेव्हा लोकांनी आधीच्या ओपन सोर्स कोडवरून ओपनटोफू काढलं, ते लिनक्स फाउंडेशनकडे आहे. बेसिक दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, एक आलं की दुसरं येतं.

पण त्याच्या आधी लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं कर, सबनेट (नेटवर्कचे छोटे भाग) आणि डीएनएस कळलं नाही तर बाकी सगळं पाठांतर होतं. घरच्या लॅपटॉपवर दोन व्हीएम उभे कर, एक फ्री क्लाउड अकाउंट घे, दोन्ही व्हीपीएननं जोड आणि अ‍ॅन्सिबलनं दोन्हीकडे तेच काम करून बघ, हेच तुझं छोटं हायब्रिड. मुद्दाम मधलं कनेक्शन तोड आणि प्लेबुक अर्ध्यात कुठे अडकतं ते बघ, इंटरव्ह्यूला सांगण्यासारखं त्यातूनच मिळेल. आणि क्लाउड अकाउंटवर पहिल्याच दिवशी बिलाचा अलर्ट लाव, काम झालं की डिस्ट्रॉय करायला विसरू नकोस.