अर्ज पाठवण्याआधी

प्रिय,

तुझा सोशल मीडिया इंटर्नशिपचा अर्ज वाचला. त्यातलं 'मला सोशल मीडियाची मनापासून आवड आहे' हे वाक्य आधी काढून टाक. इंटर्नशिपच्या बहुतेक अर्जांत ते असतंच, आणि हाताखाली घ्यायला माणूस शोधणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याला बघायचं असतं की तू दुसऱ्याचं अकाउंट दुसऱ्याच्या नजरेने बघू शकतोस की नाही.

म्हणून अर्ज कमी कर. पन्नास ठिकाणी एकच ईमेल पाठवण्यापेक्षा चार-पाच संस्था निवड आणि प्रत्येकीच्या पेजवर एक संध्याकाळ घालव. शेवटच्या तीसेक पोस्ट एका शीटमध्ये उतरव. तारीख, रील की फोटो, कॅप्शनची पहिली ओळ, किती कमेंट आल्या, किती कमेंटना उत्तर गेलं. हा शेवटचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समज, पिशव्या बनवणाऱ्या एका पेजवर लोक पुन्हा पुन्हा विचारतायत, 'लॅपटॉप मावेल का?' आणि उत्तर कुणीच देत नाहीये. तुझं काम तिथेच सापडलं. त्या प्रश्नाचं उत्तर देणारी एक रील लिही, तिचं कॅप्शन लिही आणि तो नमुना ईमेलसोबत पाठव. त्यांच्या पेजवर टीका मात्र करू नकोस. 'हा प्रश्न वारंवार येतोय असं दिसलं, म्हणून हे करून बघितलं' एवढंच पुरे.

कॅप्शनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तुझे नमुने तिथेच कमी पडतायत. इन्स्टाग्राम कॅप्शनला 2,200 अक्षरं देतं, पण फीडमध्ये सुरुवातीचा तुकडाच दिसतो, बाकीचं 'मोअर'च्या मागे जातं. तुझ्या पाचही नमुन्यांची सुरुवात 'नमस्कार मित्रांनो'ने आहे, म्हणजे हाताशी असलेली जागा स्वागतातच संपली. मुद्दा वर आण. तेच कॅप्शन एक्सवर उचलून टाकू नकोस. तिथे मोफत खात्याला 280 अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे मजकूर नव्याने लिहावा लागतो. एकाच गोष्टीचे दोन ठिकाणचे दोन मजकूर नमुन्यात शेजारी-शेजारी ठेवलेस, तर तुला फरक कळतो हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आकड्यांची भीती बाळगू नकोस. स्वतःचं एक छोटं पेज काढ, विषय कोणताही चालेल, आणि ते प्रोफेशनल अकाउंट करून घे. त्याला पैसे लागत नाहीत, आणि इनसाइट्स, म्हणजे पोस्ट किती लोकांनी बघितली वगैरे आकडे, त्याशिवाय दिसत नाहीत. आजच कर, कारण बदल करण्याआधीच्या पोस्टचे आकडे मागाहून मिळत नाहीत. रीच म्हणजे किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोस्ट पोचली. व्ह्यूज त्याहून जास्त असू शकतात, कारण एकच माणूस दोनदा बघतो. मुलाखतीत हा फरक विचारतात. फॉलोअर किती, यापेक्षा एखादी पोस्ट का चालली आणि दुसरी का पडली याचं तुझं उत्तर ऐकायला त्यांना जास्त आवडेल. उत्तर चुकलं तरी चालेल, पण ते आकडे बघून दिलेलं असावं.

डिझाइनसाठी कॅनव्हा, व्हिडिओ एडिटिंग ही साधनं हात बसला की येतात, त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. व्हिडिओला सबटायटल्स आणि फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) द्यायची सवय मात्र आतापासून लाव. ज्यांना ऐकू येत नाही किंवा दिसत नाही, ती माणसंही आपली वाचक आहेत.

काम मिळालं तर स्टायपेंड, तास आणि कालावधी लेखी मागून घे. संकोच करू नकोस, विचारणं गैर नाही. कुणी पेजचा पासवर्ड व्हॉट्सअॅपवर पाठवू लागलं, तर मेटा बिझनेस सूटमधून (फेसबुक-इन्स्टाग्रामची पेजेस सांभाळायच्या मेटाच्या साधनातून) तुझ्या नावाने अॅक्सेस द्यायला सांग. उद्या काही चुकीचं पोस्ट झालं, तर ते कुणी केलं हे स्पष्ट राहतं.

पहिल्या संस्थेची शीट आणि नवा ईमेल रविवारपर्यंत मला पाठव. आपण दोघं बसून बघू.

तुझा,
दादा