बीटी कपाशीत अळी का निघते, फरदड का मोडायची: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो, कपाशी पात्या-फुलांवर आली की बीटीबद्दलचे प्रश्न वाढतात. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी पाच निवडले आहेत. पहिल्या दोनांची उत्तरं लांबली आहेत, पण नुकसान तिथेच होतं, म्हणून ती पूर्ण वाचा.

"बॉलगार्ड-2 चं महाग पाकीट घेतो, तरी बोंडात अळी निघते. बियाणं बोगस आहे का?" (यवतमाळ जिल्हा, कोरडवाहू)

संशय असेल तर पावती, रिकामं पाकीट आणि थोडं बी जपून ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. तो तुमचा हक्क आहे. पण बऱ्याचदा बियाणं खरं असतं, बदललेली असते ती अळी.

बीटी म्हणजे मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं असतं. त्यामुळे झाडातच एक प्रथिन तयार होतं. अळीनं झाड कुरतडलं की ते तिच्या आतड्याला चिकटतं, आतड्याला छिद्रं पडतात आणि अळी मरते. आपल्याकडे 2002 साली एका जनुकाची कपाशी आली आणि 2006 मध्ये दोन जनुकांची, म्हणजे बॉलगार्ड-2. हिरवी आणि ठिपक्यांची बोंडअळी आजही तिला दबून आहे. शेंदरी बोंडअळीनं मात्र आधी गुजरातेत दोन्ही प्रथिनं पचवली, आणि 2017 च्या खरिपात विदर्भ, मराठवाडा, खानदेशात तिनं बोंडं पोखरून केलेलं नुकसान तुम्ही भोगलं आहे.

हे का घडलं? शेंदरी अळी जवळपास कपाशीवरच जगते, तिला तूर-हरभऱ्याचा पर्याय नाही. त्यामुळे तिची प्रत्येक पिढी बीटीच खाऊन वाढते. जी मरते ती मरते, जी तगते तिचीच पैदास पुढे चालते. यासाठीच पूर्वी 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीची पुडी मिळायची. नॉन-बीटीच्या ओळींत वाढलेले साधे पतंग तगलेल्या पतंगांशी जुळले की संततीत बीटीला मरणाऱ्या अळ्या टिकून राहतात. ती पुडी बहुतेकांनी पेरलीच नाही. आता 475 ग्रॅमच्या पाकिटात नॉन-बीटी बी मिसळूनच येतं. ती झाडं ओळखू आली तरी उपटू नका.

आणखी एक कारण बोंडाच्या आत आहे. आपली कपाशी संकरित असल्यामुळे एकाच बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात. एखाद्या सरकीत दोन्ही प्रथिनं असतात, एखाद्यात एकच, तर साधारण सोळात एकीत एकही नसतं. शेंदरी अळी खाते ती नेमकी सरकीच. म्हणजे तिला थोडं-थोडं विष मिळत राहतं आणि त्याची तिला सवय होते. संकरित कपाशी एवढ्या मोठ्या क्षेत्रावर लावताना या गोष्टीचा विचार आधीच व्हायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर मार्ग नाही असं समजू नका. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकरी संकरित बीटीची दुसरी पिढी पेरू लागले. तिथे कपाशीत एकच बीटी जनुक होतं, त्यामुळे चौथा हिस्सा झाडं आपोआप नॉन-बीटी निघाली आणि अळीची वाढती प्रतिकारशक्ती मागे हटली. (आपल्याकडे दोन जनुकं आहेत, ते प्रमाण साधत नाही आणि उत्पन्नही घटतं. घरची सरकी पेरू नका.) अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी 2006 पासून बीटी कपाशी, कामगंध (मादी पतंगाचा नराला ओढणारा गंध), विमानातून सोडलेले नपुंसक पतंग आणि पीक निघताच पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) गाडणं, हे सगळं एकत्र केलं. 2018 मध्ये अमेरिकेतली कपाशी शेंदरी बोंडअळीमुक्त जाहीर झाली. बियाणं तिथेही बीटीच होतं, पण नुसत्या बियाण्यावर कोणी विसंबलं नाही.

"विहिरीला पाणी आहे. फरदडीत आणखी दोन वेचण्या होतात. ती का मोडायची?" (जळगाव जिल्हा)

फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी. त्या दोन वेचण्यांचा हिशेब पुढच्या खरिपासकट मांडा. थंडीत शेंदरी अळी सुप्तावस्थेत जाते. फरदडीतल्या कवडी (किडक्या, नीट न उमललेल्या) बोंडांत हात घालून बघा. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतील. त्या अलगद सोडवा, मध्ये मुटकुळं करून पडलेली अळी सापडेल. ती तशीच काही महिने पडून राहते, मग पतंग होऊन बाहेर येते. तेव्हा तुमची मेमध्ये लावलेली बागायती कपाशी पात्यांवर असली, तर तिची पहिली पिढी तिथेच पोसली जाते आणि पुढच्या पिढ्या गावभर पसरतात. शिवारात कपाशीच नसली तर पतंग अंडी घालण्याआधीच किंवा अंडी वाया घालवून मरतात. फुकटचं नियंत्रण आहे हे, पण सगळं शिवार एकदम मोकळं असेल तरच.

म्हणून डिसेंबरअखेर पीक संपवा. शेवटची बोंडं जनावरांना, शेळ्या-मेंढ्यांना चारा. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, जाळूही नका. श्रेडर मिळाला तर कुट्टी करून शेतात गाडा, खत होतं. जूनच्या आधी लागवड नको. पाणी आहे तर गहू, हरभरा, भाजीपाला घ्या. एकट्यानं फरदड मोडून फार उपयोग नाही, त्यामुळे हा विषय ग्रामसभेत मांडा. जिनिंगवाल्यांनाही आवारात कामगंध सापळे लावायला सांगा, सरकीतून अळी तिथेच जमा होते.

"आता लगेच काय करू? दुकानदार दोन औषधं एकत्र मारायला सांगतो."

एकत्र मारू नका. एकरी दोन कामगंध सापळे पिकाच्या वर फूटभर लावा, ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) पाकिटावर दिलेल्या मुदतीत बदला. रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले, तर नुकसानीची पातळी गाठली. सोबत डोमकळ्या शोधा. गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल दिसलं की तोडून नष्ट करा, आत अळी असते. पुढे बोंडं धरली की एकरात फिरून वीस झाडांवरून साधारण पंधरा दिवसांची वीस हिरवी बोंडं तोडा आणि चाकूनं उघडा. बाहेरून छिद्र दिसणार नाही, ते भरून येतं. आतल्या भिंतीवर बारीक गाठ दिसते. वीसपैकी दोन बोंडांत अळी निघाली तरच रासायनिक फवारणी करा.

त्याआधी पाच टक्के निंबोळी अर्क आणि ट्रायकोकार्ड वापरा. कार्डातून निघणाऱ्या ट्रायकोग्रामाच्या बारीक गांधीलमाश्या बोंडअळीची अंडीच संपवतात, पण कार्ड लावल्यावर आठवडाभर विषारी फवारणी नको. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं नोव्हेंबरच्या आधी टाळा, पांढरी माशी उसळते. औषधाच्या लेबलवर कपाशी आणि बोंडअळी छापलेलं हवं, मात्राही लेबलवरचीच. हे मी कळकळीनं सांगतोय. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. वाऱ्याच्या विरुद्ध आणि डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत फवारू नका. मळमळ किंवा धूसर दिसणं सुरू झालं की औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

"तणनाशक सहन करणारं एचटीबीटी सगळे लावतात. मी लावू का?"

नका लावू. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, ही अडचण खरी आहे आणि ती मांडायलाच हवी. पण या बियाण्याला मंजुरी नाही, 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ते बेकायदा आहे. चोरून आलेल्या पाकिटाला पावती नसते. उगवलं नाही, बोंडं गळली, तर तक्रार कोणाकडे करणार? त्यात नॉन-बीटी बी मिसळलेलं असेल याचीही खात्री नाही, म्हणजे शेंदरी अळीला आणखी मोकळं रान. तेच तणनाशक दरवर्षी मारलं की तणही त्याला दाद देईनासं होतं. तूर्त दोन कोळपण्या, एक निंदणी आणि कपाशीत मूग किंवा उडदाचं आंतरपीक, एवढ्यानं बरंच तण दबतं.

"बांगलादेशात बीटी वांगं चालतं. त्याचं बी मागवू का?"

मागवू नका. हे तंत्र जालन्याच्या महिको कंपनीनं विकसित केलं होतं. आपल्याकडे फेब्रुवारी 2010 मध्ये केंद्रानं त्याला स्थगिती दिली, ती कायम आहे. बांगलादेशानं 2013 मध्ये मंजुरी दिली आणि 2014 च्या सुरुवातीला वीस शेतकऱ्यांना रोपं दिली. तिथली एक गोष्ट मला पटते: ती सरकारी संशोधन संस्थेनं दिलेली सरळ वाणं आहेत, शेतकऱ्याला बी राखता येतं. मात्र कडेला नॉन-बीटीच्या ओळी तिथेही लावाव्या लागतात, आणि तुडतुडे, पांढरी माशी, कोळी यांवर त्या वांग्याचा काही इलाज नाही.

तुमच्या वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी असेल तर सुकलेले शेंडे दर आठवड्याला खालपर्यंत खुडून गाडा, किडकी फळं शेतात टाकू नका, आणि या अळीचेच ल्यूर असलेले कामगंध सापळे लावा. कपाशीचं ल्यूर वांग्यात चालत नाही, दुकानात पिकाचं नाव सांगूनच घ्या.