आयटी करारात स्प्रिंट प्लॅनिंगबद्दल नेमकं काय लिहून घ्यावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात तुमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. एका पतसंस्थेसाठी सभासदांचं मोबाइल अ‍ॅप करायचं काम हाताशी आलंय. दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक मुदतीचे टप्पे, आणि दर स्प्रिंटला ठरलेली रक्कम, इथपर्यंत बोलणं झालंय. आता त्यांच्याकडून आलेल्या मसुद्यात एक कलम आहे: स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये (त्या स्प्रिंटचं काम ठरवण्याच्या बैठकीत) घेतलेल्या सगळ्या स्टोरी (कामाचे छोटे तुकडे) त्याच स्प्रिंटमध्ये पूर्ण करणं बंधनकारक, आणि राहिलेल्या प्रत्येक स्टोरीमागे त्या स्प्रिंटच्या बिलातून ५ टक्के कपात. सही करावी का, आणि नाही तर त्याऐवजी काय लिहावं?

या कलमासकट सही करू नका. मी वकील नाही. एका सॉफ्टवेअर कंपनीत डिलिव्हरी सांभाळतो, आणि कधी काम घेणारे तर कधी काम देणारे म्हणून असे मसुदे दोन्ही बाजूंनी वाचत आलोय. हे कलम तुम्हाला जाचक आहे हे तर उघड आहे, पण त्याने पतसंस्थेचंही नुकसान होतं. वाटाघाटीत हाच मुद्दा पुढे करा, कारण तो खरा आहे.

प्लॅनिंगच्या खोलीत काय घडतं ते बघा. समजा स्टोरी आहे: हप्ता भरला की सभासदाला व्हॉट्सअ‍ॅपवर पावती जावी. निकोप वातावरणात डेव्हलपर म्हणतो, तीन पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज). टेस्टर लगेच विचारते, एकाच सभासदाची दोन कर्जखाती असतील तर? पिग्मी एजंटने रोख घेतली आणि संध्याकाळी भरणा केला, तर पावतीवर वेळ कुठली? नंबर मुलाचा आणि कर्ज वडिलांच्या नावावर असेल तर? असे चार प्रश्न निघतात, तीनाचे आठ होतात, स्टोरीचे दोन तुकडे पडतात आणि पहिला तुकडा या स्प्रिंटमध्ये येतो. प्लॅनिंगचा सगळा उपयोग या प्रश्नोत्तरांत आहे. आता त्याच खोलीत प्रत्येक स्टोरीमागे ५ टक्क्यांची टांगती तलवार ठेवा. कोणी प्रश्न विचारणार नाही, सरळ तेरा पॉइंट सांगून मोकळे होतील. दहा स्टोरी घेण्याची ताकद असताना पाचच घेतील, कारण पाच नक्की होतात. पतसंस्था तेवढेच पैसे मोजेल आणि निम्मं काम मिळवेल, आणि वर दर स्प्रिंटला शंभर टक्के पूर्तता झाल्याचा कागद त्यांच्या हाती असेल.

स्क्रम ही स्प्रिंटने काम करण्याची पद्धत लिहिणाऱ्यांनीही ही गोष्ट फार आधी दुरुस्त केली. स्प्रिंटसाठी निवडलेल्या कामाला आधी टीमची कमिटमेंट म्हणायचे, २०११ च्या स्क्रम गाइडमध्ये (स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेत) त्याच्या जागी फोरकास्ट, म्हणजे अंदाज, हा शब्द आला. २०२० च्या गाइडमध्ये टीम बांधील असते ती स्प्रिंट गोलला (त्या स्प्रिंटच्या उद्दिष्टाला), स्टोरींच्या यादीला नाही. आणि स्टोरी पॉइंटचा तर त्या गाइडमध्ये उल्लेखच नाही. करारात ‘स्क्रम पद्धतीने काम होईल’ असं एक वाक्य आणि खाली स्टोरीगणिक दंड, असं असेल तर मसुदा स्वतःशीच भांडतोय, हे त्यांच्या वकिलाला शांतपणे दाखवून द्या.

कोणी म्हणेल, भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ मुळे असा दंड कोर्टात जसाच्या तसा टिकत नाही. बरोबर आहे. करारात आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा म्हणजे फक्त वरची मर्यादा. पण कपात तुमच्या बिलातून आधीच झालेली असेल आणि ती परत मिळवायला दारं तुम्हालाच ठोठवावी लागतील. कलम ७४ वर विसंबून सही करणं परवडत नाही.

मग लिहायचं काय? माझं ठाम मत असं की स्प्रिंटमध्ये काय होईल हे करारात लिहू नये, ते कोण, केव्हा आणि कशाच्या आधारावर ठरवेल हे लिहावं. याला कायद्याचाही आधार आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २९ सांगतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. स्प्रिंटच्या करारात काम आधी लिहिलेलं नसतं, म्हणून काही वकील बिचकतात आणि शंभर पानांची मागणीपत्रिका जोडायला लावतात. काम ठरवण्याची पद्धत नीट लिहिली की ते निश्चित करता येण्याजोगं होतं, मग त्या शंभर पानांची गरज उरत नाही.

त्या पद्धतीत सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे त्यांचा प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कामाचा क्रम ठरवणारा त्यांचा प्रतिनिधी, आणि पतसंस्थेच्या बाबतीत इथेच सगळं अडतं. व्यवस्थापक मीटिंगला येतात, स्वभावाने चांगले असतात, पण व्याजाच्या दाखल्यात काय दिसावं असं विचारलं की म्हणतात, संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत विषय घेतो. सभा महिन्यातून एकदा. तोवर तुमचे दोन स्प्रिंट उलटून गेलेले असतात. म्हणून करारात एकाच व्यक्तीचं नाव घाला, तिच्या गैरहजेरीत कोण ते नाव घाला, आणि अ‍ॅपमधल्या कामाचा क्रम व स्वीकृती ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीला दिल्याचा संचालक मंडळाचा ठराव कराराला जोडून घ्या. ठराव पतसंस्थेच्या रोजच्या कामकाजातलाच भाग आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. साहेबांचा फोन आला होता म्हणून बदला, हे ऐकण्यापेक्षा आधी एक कागद मागितलेला बरा.

ती व्यक्ती प्लॅनिंगला आलीच नाही तर काय, हेही लिहा. मी साधारण असं सुचवेन: ‘प्रॉडक्ट ओनर किंवा त्यांचे पर्यायी प्रतिनिधी प्लॅनिंगला उपस्थित नसल्यास पुरवठादार बॅकलॉगमधील (बाकी कामांच्या यादीतील) शेवटच्या लेखी प्राधान्यक्रमानुसार स्प्रिंट सुरू करेल आणि त्या स्प्रिंटची पूर्ण रक्कम देय राहील.’ करार कायद्याचं कलम ६७ याच धर्तीचं आहे. ज्याच्यासाठी काम करायचं त्याने कामाला लागणारी वाजवी सोय करून दिली नाही, तर त्यामुळे राहिलेल्या कामाबद्दल दुसऱ्या पक्षाला दोष लागत नाही. कायद्यातलंच उदाहरण असं आहे: एकाने दुसऱ्याचं घर दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं आणि घरमालकाने दुरुस्ती कुठे हवी तेच दाखवलं नाही, तर न झालेल्या दुरुस्तीबद्दल कारागीर सुटतो. प्रॉडक्ट ओनर न येणं म्हणजे नेमकं हेच. पण कलम कायद्यात आहे म्हणून करारात नको असं करू नका, तिथे ते तारीखवार आणि रकमेसकट लिहिलेलं हवं.

यानंतर, स्टोरी प्लॅनिंगमध्ये घेण्याजोगी केव्हा होते. स्क्रम गाइडमध्ये याची वेगळी यादी दिलेली नाही, पण करारात हवीच, कारण तुमच्या कामात परावलंबी गोष्टी फार आहेत. परत त्या पावतीच्या स्टोरीकडे या. व्यवसायाने स्वतःहून पाठवायच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाचा टेम्पलेट मेटाकडून मंजूर व्हावा लागतो आणि खातं पतसंस्थेच्या नावावर लागतं. व्हॉट्सअ‍ॅप नसलेल्यांना एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी-यंत्रणेवर) नोंदणी पतसंस्थेने करायची, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि संदेशाचे नमुने तिच्याच नावावर मंजूर होणार. कागदपत्रं त्यांची, सही त्यांची, तुम्ही फक्त फॉर्म भरून देऊ शकता. आणि हप्ता भरल्याची बातमी अ‍ॅपला मिळणार कुठून? त्यांच्या सध्याच्या बँकिंग सॉफ्टवेअरमधून, जे तिसऱ्याच कंपनीचं आहे आणि ज्या कंपनीला तुम्हाला एपीआय (दोन सॉफ्टवेअरना जोडणारा दुवा) द्यायची काही घाई नाही. म्हणून परिशिष्टात लिहा की अशा बाहेरच्या मंजुऱ्या, एपीआय आणि चाचणीचा डेटा हाती आल्याशिवाय स्टोरी स्प्रिंटमध्ये घेतली जाणार नाही, त्या मिळवून देण्याची जबाबदारी पतसंस्थेची, आणि स्टोरी घेतल्यानंतर यांपैकी काही बंद पडलं तर ती स्टोरी अपूर्ण म्हणून मोजली जाणार नाही. कराराच्या सगळ्या मजकुरात भांडणं वाचवणारी ही ओळ मी पहिली धरेन.

डेफिनिशन ऑफ डन (काम पूर्ण केव्हा म्हणायचं याचे निकष) दुसऱ्या परिशिष्टात ठेवा, मूळ करारात नको. ती सुधारत जाते आणि दर वेळी पुरवणी करार करायला कोणालाच वेळ नसतो. दोन्ही बाजूंच्या नेमलेल्या व्यक्तींच्या ईमेलवरून बदलता येईल एवढं लिहिलं की झालं. तिच्यात ठोस गोष्टी असाव्यात: कोणत्या अँड्रॉइड आवृत्तीपर्यंत चालायला हवं, मराठी मजकूर कोण तपासणार, चाचणीत सभासदांची खरी नावं आणि खाते क्रमांक वापरायचे नाहीत.

स्प्रिंट मध्यात असताना नवीन काम आलं तर त्याच आकाराचं, अजून हात न लावलेलं काम बाहेर काढायचं, गोल तोच ठेवायचा. स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा, आणि रद्द केला तरी झालेल्या दिवसांचे पैसे देय. प्लॅनिंगचा वेळही बिलात धरलेला आहे हे एका ओळीत लिहा. एक महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंगची कमाल मर्यादा ८ तास आहे, दोन आठवड्यांना साधारण त्याच्या निम्मी धरतात. अर्धा दिवस सगळी टीम बसते, ते काम फुकटचं नव्हे.

प्लॅनिंगची नोंद त्याच दिवशी ईमेलने पाठवायची सवय करारातच बांधून टाका: गोल, घेतलेल्या स्टोरी, कोण हजर, कोणती गोष्ट कोणाकडून येणं बाकी. एका कामकाजाच्या दिवसात लेखी हरकत आली नाही तर नोंद मान्य. जिरा (कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) त्यांच्या खात्यावर असेल तर हे जास्तच गरजेचं आहे. वाद झाला की तुमचा लॉगिन सगळ्यात आधी बंद होतो आणि सगळा पुरावा त्यांच्याकडे राहतो. त्याच्या जोडीला आणखी एक ओळ हवी, की प्लॅनिंगच्या नोंदीने किंवा तिकिटावरच्या (जिरातल्या कामाच्या नोंदीवरच्या) शेऱ्याने करारातली रक्कम, जबाबदारीची मर्यादा किंवा मुदत बदलत नाही. तिकिटावर ‘हेही याच पैशात’ असं कोणी लिहिलं तर त्याला करारातली दुरुस्ती मानता कामा नये.

आता पतसंस्थेची बाजू. सभासदांच्या पैशातून त्या बिलं भागवतात आणि लेखापरीक्षणात त्यांना उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे काम झालं नाही तरी पैसे द्यायचे का, ही भीती खरी आहे. दंड काढायला सांगताना त्यांना दुसरं संरक्षण द्या. एका स्प्रिंटची नोटीस देऊन केव्हाही करार थांबवता येईल आणि तोवरचा सोर्स कोड, पासवर्ड, डिझाइन सगळं त्यांच्या ताब्यात. लागोपाठ दोन स्प्रिंटचा गोल तुमच्या कारणाने हुकला तर त्यांना नोटिशीशिवायही बाहेर पडता येईल. दर स्प्रिंटच्या शेवटी चालणारं अ‍ॅप त्यांच्या हातात, स्लाइड नव्हे. एवढं दिलं की संचालकांना सहसा दंडाचं कलम सोडता येतं. नाहीच सोडलं, तर कपात स्प्रिंट गोलला जोडा, स्टोरीला नको, पहिले तीन स्प्रिंट वगळा कारण टीमचा वेग तोवर कोणालाच ठाऊक नसतो, आणि एकूण कपातीला वरची मर्यादा घाला.

स्वीकृतीची मुदतही ठरवा, पाच कामकाजाचे दिवस पुरे आहेत. उद्यम नोंदणीनुसार तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या पाठीशी आहे. काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं, आणि करारात काहीही लिहिलं तरी बिल भागवण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मसुद्यात ९० दिवसांची मुदत दिसली तर तिथेच हा कायदा दाखवा.

शेवटचा मुद्दा कोडच्या मालकीचा. तुम्ही त्यांचे नोकर नाही, त्यामुळे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलेल्या कोडचे पहिले मालक तुम्ही आहात आणि हस्तांतरण लेखी, सहीनिशी व्हावं लागतं. ते ‘त्या-त्या स्प्रिंटची रक्कम जमा झाल्यावर त्या स्प्रिंटच्या कोडचे हक्क हस्तांतरित होतील’ असं बांधा. त्याच वाक्यात मुदत आणि प्रदेशही लिहा, कारण न लिहिल्यास कायदा ५ वर्षं आणि फक्त भारत असं गृहीत धरतो, आणि ते त्यांच्या वकिलाला चालणार नाही. तुम्ही आधीपासून वापरत असलेल्या लायब्ररींची (तयार कोडच्या संचांची) यादी मात्र यातून वेगळी काढून जोडा. नाहीतर पुढच्या पतसंस्थेचं काम घेताना तुमचाच लॉगिनचा मॉड्यूल वापरायला या पतसंस्थेची परवानगी घ्यावी लागेल.