चॅटनूगाला जाताय? मग भिंतीपण बघा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत चॅटनूगाबद्दल बरंच विचारलंय, म्हणून सगळी उत्तरं एकत्रच देतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चॅटनूगा हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या टेनेसी राज्यातलं, जॉर्जियाच्या सीमेला अगदी टेकलेलं शहर, वस्ती साधारण १ लाख ८० हजार, मधून टेनेसी नदी वाहते आणि बाजूला लुकआउट माउंटन.

प्रश्न : ताई, आमचा मुलगा चाकणच्या फोक्सवॅगनमध्ये होता, आता कंपनीने चॅटनूगाच्या प्लांटला पाठवलंय. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे जातोय. तो म्हणतो आई इथे दोन दिवसांत सगळं बघून होतं, मग आपण अटलांटा, नॅशव्हिल करू. माझे गुडघे दुखतात, ह्यांना इतिहासाची आवड आहे. खरंच दोन दिवसांचंच गाव आहे का? (निगडी, पुणे)

मुलाचं बरोबर आहे पण अर्धंच, कारण दोन दिवसांत संपतात ती तिकिटाची ठिकाणं, गाव नाही संपत. ऑक्टोबर निवडलात ते फार छान, शेवटी शेवटी झाडांचे रंग बदलायला लागतात, हवा कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे मुंबईसारखा घाम येतो, तेव्हा चालायची इच्छाच होत नाही.

गुडघ्यांचं आधी बोलते. लुकआउट माउंटनवर तीन मोठी आकर्षणं आहेत आणि तिन्हीचं तिकीट एकत्र घ्या म्हणून सगळे सांगतील, तुम्ही घेऊ नका. रॉक सिटीला दगडांच्या फटींतून, पायऱ्यांवरून, झुलत्या पुलावरून जावं लागतं. रूबी फॉल्स म्हणजे डोंगराच्या पोटातला १४५ फुटी धबधबा, १९२८ मध्ये लिओ लॅम्बर्टला सापडला आणि त्याने बायकोचं नाव दिलं, तिथे लिफ्टने खाली नेतात पण पुढे गुहेत ओल्या, उंचसखल वाटेवरून बरंच चालणं आहे. तुमच्यासाठी इन्क्लाइन रेल्वे. १८९५ पासून चालू आहे, सेंट एल्मो नावाच्या जुन्या वस्तीतून सुटते आणि साधारण मैलभर सरळ डोंगरावर चढते, वरच्या टोकाला चढ ७२.७ टक्के होतो, म्हणजे बसल्या जागी पाठ सीटला चिकटते आणि समोर सगळं शहर खाली सरकत जाताना दिसतं. रूळ एकच, वरून एक डबा खाली येतो तेव्हाच खालचा वर जातो, बरोब्बर मधे रूळ फुटतात आणि दोन्ही डबे एकमेकांना घासून गेल्यासारखे जातात, तिथे लक्ष ठेवा. वर पोचल्यावर थोडं चालून पॉइंट पार्क, ते तुमच्या ह्यांच्यासाठी, कारण नोव्हेंबर १८६३ मध्ये सिव्हिल वॉरमधली (अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांतल्या यादवीतली) मोठी लढाई याच डोंगरावर धुक्यात झाली, आणि नदीचं मोठं वळण तिथून जसं दिसतं तसं दुसरीकडून दिसत नाही.

डोंगराला एक दिवस द्या आणि बाकीचे दिवस खाली गावात फिरा. ॲक्वेरियम (१९९२ चं) बघा, त्यात ॲपलाचियन डोंगरातल्या झऱ्यापासून समुद्रापर्यंत पाण्याचा प्रवास वरच्या मजल्यावरून खाली उतरत दाखवलाय, रॅम्पने उतरायचंय त्यामुळे गुडघ्यांना सोपं. डाउनटाउनमध्ये फुकट इलेक्ट्रिक शटल बस आहे, त्याचे दिवस आणि वेळा मुलाला फोनवर बघून ठेवायला सांगा. आणि एक गोष्ट मुलाला नक्की सांगा, १९६९ मध्ये सरकारी पाहणीत देशातली सगळ्यात घाणेरडी हवा या शहराची निघाली होती, कारखान्यांच्या धुराने दिवसा गाड्यांचे दिवे लावावे लागायचे, आणि त्याच शहराला २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेतली पहिली 'नॅशनल पार्क सिटी' म्हणून मान मिळालाय. हे एका रात्रीत झालं नाही, नदीकाठ परत मिळवायला या लोकांनी पन्नास वर्षं घातलीत, म्हणून तो नदीकाठ चालत बघायचा, गाडीतून नाही.

प्रश्न : आम्ही अटलांटात राहतो, मुलगी आर्टला ॲडमिशन घेतेय आणि तिला म्युरल्सचं (भिंतीवरच्या मोठ्या चित्रांचं) वेड आहे. चॅटनूगात नक्की कुठे बघायची? एरिया सेफ आहे का, कारण इथल्या ओळखीच्यांनी सांगितलं की एमएलके (मार्टिन ल्यूथर किंग) बुलेवार्डकडे जाऊ नका. (अटलांटा)

ओळखीच्यांचं ऐकू नका, दिवसा खुशाल जा. गाडीत बॅगा दिसतील अशा ठेवायच्या नाहीत आणि रात्री उशिरा रिकाम्या रस्त्याने पायी भटकायचं नाही, इतकी काळजी कुठल्याही शहरात घेतो तेवढीच. हे मी जरा जोर देऊन लिहितेय कारण आपल्या लोकांत एखादी काळ्या लोकांची जुनी वस्ती म्हटली की न बघताच "तिकडे नको" म्हणायची सवय लागलीय, आणि त्यामुळे शहरातली सगळ्यात महत्त्वाची भिंत बघायची राहून जाते.

ती भिंत म्हणजे एमएलके बुलेवार्डवरची एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची बिल्डिंग. मेग सॅलिगमन या फिलाडेल्फियाच्या चित्रकर्तीने २०१६ मध्ये ते काम पूर्ण केलं, सुमारे ४० हजार चौरस फूट, देशातल्या सगळ्यात मोठ्या म्युरल्समध्ये धरतात. एका बाजूला उभं राहून फोटो काढून निघायचं नाही, कारण चित्र बिल्डिंगला गुंडाळलेलं आहे, कोपरा वळलात की ते पुढे चालूच असतं. त्यातली माणसं आसपासच्या वस्तीतलीच आहेत, चित्र ठरवायच्या आधी लोकांशी बोलून, त्यांनाच समोर उभं करून घेतलंय. नाव डॉ. किंग यांच्या १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणातून घेतलंय, न्याय मिळेपर्यंत आमचं समाधान होणार नाही अशा अर्थाचं. मुलीला सांगा, आधी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पूर्ण आकार बघ, मग अगदी भिंतीला नाक लावून बघ, जवळून नुसते रंगाचे सपाट तुकडे दिसतात आणि चेहरा गायब होतो, एवढ्या मोठ्या मापात चित्रकार कसा विचार करतो ते तिथे कळतं.

या रस्त्याचं जुनं नाव नाइन्थ स्ट्रीट, लोक बिग नाइन म्हणायचे. वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांची दुकानं, हॉटेलं, गाण्याचे अड्डे सगळे इथे होते. ब्लूजची सम्राज्ञी म्हणतात ती बेसी स्मिथ याच गावची, लहानपणी आईबाप गेले आणि ती भावाच्या गिटारवर याच रस्त्यावर उभी राहून गाऊन पैसे मिळवायची. तिच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र आणि आफ्रिकन अमेरिकन म्युझियम म्युरलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आधी ते बघा मग म्युरल, क्रम उलटा केलात तर भिंतीवरची माणसं अनोळखीच राहतात.

तिथून मॅकॅली ॲव्हेन्यूवर आणखी रंगवलेल्या भिंती आहेत. मेन स्ट्रीट आणि साउथसाइडकडे छोटी कामं विखुरलेली, तिकडे गल्ल्यांतून मागच्या बाजूने चाला. नदीपलीकडे नॉर्थशोअरला फ्रेझर ॲव्हेन्यूच्या फुटपाथमध्ये नाचाच्या स्टेप्सचे ब्राँझचे पावलांचे ठसे बसवलेत, त्यावर पाय ठेवत गेलं की नाच येतो, मोठी माणसंसुद्धा करून बघतात. आणि वेळ असेल तर माँटेग्यू पार्कमधलं स्कल्प्चर फील्ड्स, जुन्या कचरा डेपोच्या जागेवर ३३ एकरांत मोठमोठी शिल्पं, प्रवेश फुकट. हंटर म्युझियमचं तिकीट मात्र काढाच. नदीवरच्या कड्यावर १९०४ चा बंगला, १९७५ चं काँक्रीट आणि २००५ चं धातू-काचेचं काम अशा तीन इमारती एकमेकींना जोडल्यात, मला तर आतल्या चित्रांइतक्याच त्या इमारती आवडतात.

फोटो स्वतःसाठी काढायला काही हरकत नाही. पण मुलीला ते छापून विकायचे असतील, टी-शर्टवर घालायचे असतील तर चित्रकाराची परवानगी लागते, भिंत रस्त्यावर आहे म्हणून चित्र सगळ्यांचं होत नाही.

प्रश्न : वॉलनट स्ट्रीट ब्रिजवर फिरायला जाणार आहोत, पण त्या पुलावर माणसाला फाशी दिली होती असं वाचलं. मुलं ९ आणि १२ वर्षांची आहेत, त्यांना हे सांगावं का? सुट्टीचा मूड जाईल असं यांचं म्हणणं. (शार्लट)

सांगा. बारा वर्षांच्याला तर पूर्णच सांगा.

पूल १८९१ चा, १९७८ मध्ये गाड्यांना बंद झाला, पाडायचा विचार चालला होता पण लोकांनी वाचवला आणि १९९३ पासून फक्त चालणाऱ्यांसाठी उघडला. (दुरुस्तीसाठी काही काळ बंद असू शकतो, निघायच्या आधी बघून घ्या.) त्याच्या दक्षिणेच्या टोकाला एड जॉन्सन स्मारक आहे, २०२१ चं, शिल्पकार जेरोम मेडोज. एड जॉन्सन हा तरुण काळा माणूस, गोऱ्या बाईवर बलात्कार केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला, पुरावा कच्चा, ज्युरी सगळी गोरी, शिक्षा फाशी. नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स या दोन काळ्या वकिलांनी केस थेट सुप्रीम कोर्टात नेली, जस्टिस हार्लन यांनी फाशी थांबवली, आणि त्यानंतर लगेच, १९ मार्च १९०६ च्या रात्री, जमावाने तुरुंग फोडून त्याला या पुलावर आणून मारलं. शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख) शिपने अडवलं नाही. मग सुप्रीम कोर्टाने स्वतः शेरीफवर कोर्टाच्या अवमानाचा खटला चालवला, त्या कोर्टाच्या इतिहासातला हा एकमेव फौजदारी खटला, आणि १९०९ मध्ये त्याला दोषी ठरवलं. जॉन्सनची शिक्षा रद्द व्हायला मात्र २००० साल उजाडलं. दोन्ही वकिलांना गाव सोडावं लागलं ते कायमचं.

स्मारकात जॉन्सन आणि त्या दोघा वकिलांचे पुतळे आहेत, जॉन्सन त्या दोघांपासून दूर, पुलाकडे पाठ करून चालत निघाल्यासारखा. नऊ वर्षांच्याला इतकंच सांगा की न केलेल्या गुन्ह्यासाठी या माणसाला मारलं आणि या दोघांनी त्याला वाचवायचा प्रयत्न केला, मुलांना न्याय-अन्याय चांगला कळतो. मग पूल ओलांडून पलीकडे कूलिज पार्कमध्ये १८९४ चं, लाकडी प्राण्यांचं गोल फिरणारं कॅरूसेल आहे तिथे बसवा, मूड कुठेही जात नाही.

ॲक्वेरियमशेजारी 'पॅसेज' नावाची जागा आहे, पायऱ्यांवरून पाणी वाहतं आणि भिंतीवर सिरॅमिकच्या सात मोठ्या चकत्या. १८३८ मध्ये चेरोकी लोकांना त्यांच्याच जमिनीवरून हाकलून इथल्या धक्क्यावरून बोटींत घालून पश्चिमेला पाठवलं, हजारो वाटेत मेले. त्या चकत्या चेरोकी कलाकारांनीच केल्यात. मुलं पाण्यात खेळतील, खेळू द्या, पण आधी दोन मिनिटं थांबून त्या दाखवा.

प्रश्न : हायवेने जाताना जुन्या कोठाराच्या छपरावर 'सी रॉक सिटी' लिहिलेलं दिसलं. हे काय प्रकरण आहे? (बर्मिंगहॅम, अलाबामा)

इथलं सगळ्यात जुनं स्ट्रीट आर्टच म्हणा ना. रॉक सिटी १९३२ मध्ये उघडलं, मंदीचा काळ, डोंगरावर कोण येणार, म्हणून मालकाने क्लार्क बायर्स नावाच्या रंगाऱ्याला पाठवलं. तो शेतकऱ्याला म्हणायचा तुझं कोठार फुकट रंगवून देतो, बदल्यात छपरावर आमचं नाव. आपल्याकडे एसटीच्या रस्त्याला लागून असलेल्या घराच्या भिंतीवर सिमेंटची नाहीतर बियाण्याची जाहिरात असते ना, तोच सौदा. काळ्यावर पांढरी मोठी अक्षरं, अशी साधारण ९०० कोठारं १९ राज्यांत झाली, आता थोडीच उरलीत. दिसलं की थांबा, फोटो काढा. रॉक सिटी स्वतः हद्दीने जॉर्जियात येतं, जागा सुंदर आहे, तिकीट मात्र महाग आहे, चालायची ताकद आणि अर्धा दिवस असेल तरच घ्या.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. तिकडे खायचं काय? (ठाणे)

पिझ्झा, मेक्सिकन, थाई मिळतंच. पण दक्षिणेचं खाणं चाखायचं असेल तर एक लक्षात ठेवा, इथे भाजीतही मांस असतं. कोलार्ड ग्रीन्स (एक पालेभाजी), बीन्स बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, बिस्किटवरच्या (आपलं बिस्किट नव्हे, मऊ खारा पाव) ग्रेव्हीत सॉसेज, कॉर्नब्रेड कधी बेकनच्या चरबीत. "व्हेज आहे का" विचारलंत तर हो म्हणतील, म्हणून "यात मांसाचा स्टॉक किंवा चरबी आहे का" असंच विचारा. तळलेली भेंडी, ग्रिट्स (मक्याच्या रव्याची लापशी), पिमेंटो चीज (लाल मिरची घातलेलं चीज) सँडविच बिनधास्त घ्या, तरी भेंडी कशात तळतात ते विचाराच. मूनपाय (मार्शमॅलो भरलेलं गोड बिस्किट) ही इथलीच, १९१७ पासूनची, पण मार्शमॅलोत सहसा जिलेटिन असतं, पाकीट वाचून घ्या.

प्रश्न : नॅशव्हिलहून सकाळी निघून रूबी फॉल्सचं दहाचं तिकीट गाठता येईल का? (नॅशव्हिल)

येईल, पण घड्याळ सांभाळा. नॅशव्हिल सेंट्रल टाइममध्ये, चॅटनूगा ईस्टर्नमध्ये, म्हणजे तिथले दहा हे तुमचे नऊ. रस्ता सव्वादोन तासांचा, मधे माँटइगलचा घाट आहे आणि तिथे ट्रक हळू चालतात, त्यामुळे तुमच्या घड्याळाने सहाला घर सोडा.