काट्यावर गाड्यांची रांग लागली की प्रोग्राम मरतो

प्रश्न : मी घणसोलीला राहतो. तुर्भ्यातल्या एका गोदामाच्या वजनकाट्यासाठी जावात प्रोग्राम लिहिलाय. काट्याशी बोलणारी डीएलएल (तयार लायब्ररी) सी भाषेत आहे, ती जेएनआयने, म्हणजे जावा आणि सीला जोडणाऱ्या पुलाने जोडली. सुरुवातीला जावाचा लिसनर, म्हणजे वजन आलं की ज्याला कळवायचं तो ऑब्जेक्ट, सीकडे देतो. सी तो स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवते आणि वजन स्थिर झालं की स्वतःच्या थ्रेडमधून (समांतर चालणाऱ्या कामातून) त्याला कॉल करते. घरी व्यवस्थित चालतं, गोदामात गाड्या वाढल्या की प्रोग्राम थेट बंद पडतो. एक्सेप्शनही येत नाही. हीप (जावाच्या ऑब्जेक्टची मेमरी) ४ जीबी केली, दर गाडीनंतर नको असलेले ऑब्जेक्ट साफ करायला सिस्टिम डॉट जीसी घातलं, फरक नाही. रॅम वाढवू का?

उत्तर : रॅमवर पैसे घालवू नका. हीप संपली असती तर जावाने आउट ऑफ मेमरी म्हणून सांगितलं असतं. इथे सीने भलत्याच पत्त्यावर हात घातलाय. ते सिस्टिम डॉट जीसी तर आजच काढा.

सुरुवातीच्या फंक्शनला मिळालेला लिसनर हा लोकल रेफरन्स, म्हणजे त्या कॉलपुरती ऑब्जेक्टची खूण असतो. फंक्शन जावाकडे परतलं की तो बाद. तुम्ही म्हणाल, लिसनर जावातही एका फील्डमध्ये धरलाय, मग तो जाईल कसा? ऑब्जेक्ट जिवंतच आहे हो, सीच्या हातातला रेफरन्स मेलाय. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरचा बिल्ला खिशात राहून गेला, तर त्या नंबरवर पुढे दुसऱ्याच्या चपला असणार. घरी गर्दी नव्हती म्हणून तुमच्याच मिळत गेल्या.

तेव्हा स्टॅटिकमध्ये ठेवण्याआधी न्यू-ग्लोबल-रेफ करा आणि जो टिकाऊ रेफरन्स परत मिळेल तो ठेवा. (कॉल करून परतलेली व्हॅल्यू वाऱ्यावर सोडणारे पुष्कळ असतात.)

मला दाट शंका आहे की जेएनआय-एन्व्ह (सीला जावाची फंक्शन्स ज्यातून मिळतात तो पॉइंटर) सुद्धा तुम्ही असाच स्टॅटिकमध्ये ठेवलाय. तो ज्या थ्रेडचा, त्याच थ्रेडपुरता चालतो. ठेवायचा तर जावा-व्हीएमचा, म्हणजे जावा चालवणाऱ्या इंजिनाचा पॉइंटर ठेवा, काट्याच्या थ्रेडमध्ये अटॅच-करंट-थ्रेड करून नवा एन्व्ह घ्या आणि थ्रेड संपण्यापूर्वी डिटॅच करा.

एवढ्यावर क्रॅश थांबेल, पण हळूहळू मेमरी चढू लागेल. तुमचा थ्रेड लूपमध्येच फिरत असतो, जावाकडे परतत नाही, त्यामुळे लोकल रेफरन्स आपोआप सुटत नाहीत. दर वजनाला न्यू-स्ट्रिंग-यूटीएफने बनवलेली स्ट्रिंग साचत जाते. जेएनआय हमी देते ती फक्त १६ लोकल रेफरन्सची. कॉल झाला की लगेच डिलीट-लोकल-रेफ. प्रोग्राम बंद करताना आधी थ्रेड थांबवा, तो संपेपर्यंत थांबा, मग डिलीट-ग्लोबल-रेफ. क्रम उलटा केलात तर शेवटच्या गाडीला पुन्हा तेच.

जेएनआय १९९७ पासूनची, जुनी झाली, म्हणून जावा २२ मधल्या नव्या फॉरेन फंक्शन एपीआयकडे वळावंसं वाटेल. वळा खुशाल, पण तिथेही कॉलबॅक (सीने जावाला मारायची हाक) ज्या एरिनात, म्हणजे मेमरीची मुदत ठरवणाऱ्या कप्प्यात बनवला ती बंद केलीत आणि सीने नंतर हाक मारली, तर क्रॅश ठरलेला.

दुरुस्ती केल्यावर गोदामात नेण्याआधी घरीच एक्सचेक-जेएनआय हा जेएनआयचे कॉल तपासणारा जावाचा पर्याय लावून चालवा. प्रोग्राम मंदावेल, पण बऱ्याच चुका तिथेच पकडल्या जातील. तरीही पडला तर जिथून प्रोग्राम चालवता त्या फोल्डरमध्ये एचएस-एर्र नावाने सुरू होणारी फाइल बहुधा सापडेल. त्यातली ‘प्रॉब्लेमॅटिक फ्रेम’ची ओळ आणि तिथपासूनचा स्टॅक (कोणी कोणाला कॉल केला याची यादी) मला पाठवा. अख्खी फाइल नको.