मौनाला मान म्हणू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि लेखाचा मसुदा दोनदा वाचला. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीतल्या त्या मॉर्मन पंथाच्या बायका देवपित्याच्या जोडीला एक देवमाताही मानतात. त्या तुला म्हणाल्या, ‘स्वर्गातल्या आईच्या नावाचा कुणी अपमान करू नये, म्हणून आम्ही तिच्याविषयी बोलत नाही.’ त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिही. पण तू स्वतः मौनाला मान म्हणू नकोस.

त्यांचीच कवयित्री एलायझा स्नो कुठे गप्प बसली होती? १८४५ साल. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ, त्याची हत्या होऊन वर्ष उलटलेलं. तिने कवितेत विचारलं, स्वर्गात काय एकटा बापच असतो? तिथे आईही आहे, असं तिची बुद्धीच तिला सांगत होती. ते गीत मॉर्मन चर्चमध्ये आजही गातात. म्हणजे आई शिकवणुकीत आहे, फक्त तिला हाक मारायची नाही. १९९१ मध्ये चर्चचे एक नेते गॉर्डन हिंकली यांनी तसं स्पष्टच सांगितलं: येशूने पित्याची प्रार्थना शिकवली, आईची करणं योग्य नाही. मॉर्मन लेखिका जॅनिस ऑलरेड यांनी या आईचं ईश्वरशास्त्र मांडलं आणि १९९५ मध्ये त्यांना चर्चमधून काढलं. मानाच्या रक्षणाला शिक्षा कशाला लागते ग?

त्याच शहरात वंशावळींचं अवाढव्य ग्रंथालय आहे. पणजीची पणजी माहेरच्या नावानिशी सापडते. सगळ्या आत्म्यांची आई मात्र बिननावाची.

मी चिडते, कारण मी हेच केलंय. आमच्या कुळवृत्तांताची मुद्रितं माझ्याकडे होती. काका म्हणाले, ‘बायकांची माहेरची नावं चव्हाट्यावर कशाला?’ आईचं माहेरचं नाव ‘द्वारका’ मी लाल शाईने खोडलं. मला तो मान वाटला. सव्वीस वर्षांची होते, काकांपुढे बोलायची सोय नव्हती, हे खरंच आहे. पण पेन माझ्या हातात होतं. छापील पानावर आता खाडाखोडसुद्धा दिसत नाही.

मसुद्यातलं ‘आपल्याकडे तर देवी आहेत’ हे वाक्य आधी काढ. तुळजापूरला नवस बोलणाऱ्या घरातच द्वारका खोडली गेली. त्यापेक्षा तिथल्या स्त्रीवादी बायकांचा प्रश्न घे: ही आई म्हणजे फक्त पित्याची जोडीदार असेल, तर बिनलग्नाच्या बाईने तिच्यात स्वतःला कुठे शोधायचं? तुझ्या मसुद्यात याचा मागमूस नाही. कसं सुटलं तुझ्याकडून?

पुन्हा जा त्यांच्याकडे. चहा-कॉफी त्या घेत नाहीत, फळं ने. एकट्या असताना तिला काय म्हणता, एवढंच विचार. उत्तर नाही आलं, तर किती वेळ गप्प होत्या तेही टिपून ठेव.